साडेआठशेचं तैवानी व्हीएमसी: सात वर्षं वापरून

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं लहानसं मशीन शॉप आहे. पंपाच्या बॉडी, बेअरिंग हाउसिंग, ब्रॅकेट अशी बिडाची कामं. २०१८ च्या खंडेनवमीला आमच्याकडे पहिलं व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं, भोकं पाडणारं मशीन) आलं. तोवर सगळं काम लेथ, ड्रिल आणि एका जुन्या मिलिंगवर चालायचं. या सात वर्षांत ओळखीच्या पंधरा-वीस जणांनी तरी फोन करून एकच प्रश्न विचारला, "ताई, तैवानी घेऊ का? का देशी घेऊ? का थोडं कर्ज वाढवून जपानीच?" प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

कंपनीचं आणि डीलरचं नाव लिहीत नाही. मशीन चांगलं निघालं, पण सेवेबद्दल माझी तक्रार आहे. शिवाय माझं बरंचसं म्हणणं याच वर्गातल्या इतर तैवानी मशीनांनाही लागू पडेल. आणि हेही सांगायला हवं की मी शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. केलं. शॉप चालवणाऱ्या आबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून शॉपवर बसले, ती आजतागायत तिथेच आहे. विकासाच्या सिद्धांतांवर दोन वर्षं टिपणं काढली, पण त्यातलं बरंचसं मला कळलं ते हे मशीन घेताना आणि वापरताना. म्हणून दोन्ही एकत्रच येईल.

आधी मशीन. टेबल १००० बाय ५००, एक्सचा (डावी-उजवीकडचा) प्रवास ८५० मिलिमीटर, म्हणून साडेआठशे, बीटी-४० स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा), १०,००० आरपीएम, २४ टूलचा आर्मवाला टूल चेंजर, एलएम गाईड (टेबल ज्यावर सरकतं ते रूळ), फानुकचा कंट्रोलर (मशीनला आज्ञा देणारा संगणक). वजन साडेपाच टन. कर वगळून साडेतीस लाखाला पडलं. त्याच मापाचं देशी मशीन तेव्हा चोवीस लाखांत मिळत होतं, कोरियन अडतीसला, आणि जपानीचा आकडा ऐकून आम्ही चहा पिऊन परत आलो.

त्या रात्री कोटेशनं समोर ठेवून मी एक साधा भागाकार केला. साडेतीस लाख भागिले साडेपाच हजार किलो. किलोला साधारण साडेपाचशे रुपये. आमच्या शेजारच्या फौंड्रीतून तेव्हा बिडाचं कास्टिंग ऐंशी रुपये किलोनं निघत होतं. त्या मशीनचा बेड, कॉलम, सॅडल, टेबल हे सगळंही बीडच. म्हणजे तेच बीड कोल्हापूरच्या कट्ट्यावर ऐंशीला आणि तैवानच्या ताइचुंगहून आलं की साडेपाचशेला. मधले पावणेपाचशे कशाचे?

हा प्रश्न अर्थशास्त्रात फार जुना आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोनं १८१७ मध्ये सांगितलं की ज्याला जे तुलनेनं जास्त चांगलं जमतं त्यानं ते करावं आणि बाकीचं विकत घ्यावं. त्याच्या उदाहरणात पोर्तुगालनं वाइन करायची आणि इंग्लंडनं कापड. त्या हिशेबानं कोल्हापूरनं कास्टिंग ओतत राहावं आणि मशीन तैवानकडून आणावं, दोघांचं भलं होईल. लॅटिन अमेरिकेतून अर्थशास्त्रज्ञ प्रेबिश यांनी १९५० च्या सुमारास याला हरकत घेतली. कच्चा माल विकणाऱ्याला तेवढ्याच यंत्रासाठी दिवसेंदिवस जास्त माल द्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. मी ते टिपण वहीत उतरवलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण साडेतीस लाखांचं कर्ज डोक्यावर घेताना 'किती टन हाउसिंग ओतून, घासून, भोकं पाडून हे फिटेल' हा हिशेब मांडला, तेव्हा ते खरं कळलं.

आपल्याकडे हे सगळं फार आधी न्यायमूर्ती रानड्यांनी बोलून ठेवलं आहे. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडच्या पुस्तकातले नियम जसेच्या तसे इथे लागू पडत नाहीत, असं त्यांनी ठणकावून सांगितलं, आणि आधार घेतला फ्रीडरिख लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाचा. लिस्टचं १८४१ मधलं म्हणणं असं, की ज्या देशाचे कारखाने अजून बाल्यात आहेत त्यांना थोडा काळ आडोसा द्यावा लागतो. इंग्लंड स्वतः शिडीवरून वर चढलं आणि आता दुसऱ्यांनी चढू नये म्हणून शिडी लाथाडतंय, ही उपमाही त्याचीच. आमच्या वर्गात लिस्टला एक तास मिळाला आणि रानड्यांना एक ओळ. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

आता कामाचं बोलू. आमचा नेहमीचा जॉब म्हणजे मोनोब्लॉक पंपाचं बेअरिंग हाउसिंग. त्यात ६२०५ नंबरचं बेअरिंग बसतं, म्हणजे बोअर (आतलं गोल भोक) ५२ मिलिमीटर, एच-७ या मापाच्या मर्यादेत. बावन्नच्या खाली यायचं नाही आणि वर गेलं तर ३० मायक्रॉनपर्यंतच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाच्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉन धरली तर त्याच्या निम्म्याहून कमी जागेत खेळायचं. पूर्वी हा जॉब तीन मशीनवर फिरायचा. दर वेळी उचलून नव्या फिक्श्चरमध्ये (जॉब घट्ट धरणाऱ्या साच्यात) बांधायचा, आणि दर बांधणीत थोडी चूक मिसळायची. शंभरात सहा-सात जॉब भंगारात जायचे. व्हीएमसीवर एकाच बांधणीत फेस, बोअर, चार भोकं आणि टॅपिंग (भोकात आटे पाडणं) निघतं. मिनिटं साडेसहा. भंगार आता शंभरात एकाच्या खाली आहे आणि तेही बहुतेक कास्टिंगमधल्या ब्लोहोलमुळे (ओतताना आत राहिलेल्या पोकळीमुळे).

बोअर मोजायचा गेज आत घातला की हात थोडा डोलवावा लागतो. डायलचा काटा एका बाजूला जातो, थांबतो आणि परततो. तो जिथून परततो तो आकडा वाचायचा. आमचे मामा गेली चोवीस वर्षं आमच्या शॉपवर आहेत. व्हीएमसी आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी सलग चाळीस जॉबचे बोअर मोजले आणि वहीत एकाखाली एक आकडे लिहिले. सगळे आठ ते चौदा मायक्रॉनच्या आत. वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "ताई, आबांना दाखवा हे." आबांना तेव्हा बोलता येत नव्हतं. त्यांनी बोट प्रत्येक आकड्यावरून खाली नेलं, शेवटपर्यंत.

खोडही सांगते. सकाळी मशीन गार असताना लगेच जॉब लावला तर पहिल्या चार-पाच जॉबमध्ये बोअरचं सेंटर दहा-बारा मायक्रॉन सरकतं. त्यामुळे आल्या आल्या वीस मिनिटं वॉर्मअप प्रोग्राम चालवायचा, देवाला उदबत्ती लावतो तसा न चुकता. दुसरं, बीड घासताना जी काळी पूड निघते ती या मशीनची शत्रू आहे. कूलंटमध्ये (कापताना सोडायच्या थंड द्रवात) मिसळून टाकीच्या तळाशी तिचा गाळ बसतो आणि ती रुळांवरच्या सरकत्या कव्हरचे वायपर खाते. दर पंधरा दिवसांनी टाकी साफ, दर दीड वर्षानं वायपर नवे. ज्यांचं काम मुख्यतः ॲल्युमिनिअमचं आहे त्यांना हा त्रास होणार नाही. आपल्या भागात मात्र बीडच जास्त, तेव्हा हा खर्च धरूनच चाला.

मशीनचे भाग एकेक करून पाहिले की प्रत्येक भागामागे एखाद्या देशाची कहाणी निघते. त्यातली कंट्रोलरची मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

१९५६ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी जपानमध्ये फुजित्सु कंपनीत अंकांच्या आज्ञेवर चालणाऱ्या नियंत्रणाचं काम आकाराला आलं. तोच विभाग १९७२ मध्ये वेगळा होऊन फानुक झाला. आज आमच्या शॉपमध्ये हिरवं बटण दाबलं की चालतो तो त्यांचाच कंट्रोलर. त्याच १९५६ मध्ये जपान सरकारनं यंत्रउद्योगासाठी एक खास कायदा केला. निवडक यंत्रं आणि सुटे भाग बनवणाऱ्यांना स्वस्त कर्ज, आणि त्याबरोबर कारखाना सुधारण्याचा आराखडा. कायदा पाच वर्षांचा होता. दोनदा मुदत वाढवली आणि १९७१ मध्ये तो संपला. संपला, हे मला सगळ्यात जास्त भावतं.

आणि त्याच १९५६ मध्ये आपली दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. तिचा आराखडा मांडणाऱ्या महालनोबिस यांचं सूत्र होतं, आधी यंत्रं बनवणारी यंत्रं बनवा, मग बाकी सगळं होईल. मुंबई विद्यापीठातले सी. एन. वकील आणि ब्रह्मानंद हे दोघे अर्थशास्त्रज्ञ त्याच वर्षी उलट सांगत होते. कामगाराला आधी अन्न आणि कापड पुरेसं मिळू द्या, पोट भरलं की हात जास्त काम करतील आणि त्यातूनच भांडवल उभं राहील. आमच्या सरांनी फळ्याचे दोन भाग करून हा वाद दोन दिवस शिकवला होता. मी तेव्हा वकील-ब्रह्मानंदांच्या बाजूला होते. आता माझं मत थोडं हललंय.

हललं ते आबांच्या लेथमुळे. १९८९ मध्ये आबांनी एचएमटीचा एनएच-२२ लेथ लिलावात जुना घेतला. एचएमटी म्हणजे १९५३ मध्ये बंगळुरात स्विस कंपनीच्या मदतीनं सरकारनं उभारलेला कारखाना. महालनोबिस सांगत होते त्याचं हे चालतंबोलतं रूप. आज तो लेथ आमच्याकडे छत्तीस वर्षं झाली तरी दोनशे मिलिमीटर लांबीच्या शाफ्टमध्ये ०.०२ मिलिमीटरपेक्षा जास्त टेपर (निमुळतेपणा) काढत नाही. कॅरेज हातानं ढकला, लोण्यातून सुरी जावी तसं जातं. ज्या देशात १९४७ साली अचूक यंत्र बनवणारे हात मूठभर होते, तिथे हा बेड घासला गेला. तेव्हा 'सरकारनं कारखाने काढले म्हणून सगळं वाया गेलं' असं कुणी म्हणालं की मी त्याला त्या लेथपाशी घेऊन जाते.

पण मग पुढे काय झालं? १९५१ च्या उद्योगविषयक कायद्यानं कारखाना काढायला परवाना, वाढवायला परवाना. बाहेरचं यंत्र आणायचं तर त्यासारखं देशात बनत नाही असा दाखला. लहान उद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी १९६७ पासून वाढत वाढत आठशेच्या वर गेली आणि शेवटच्या वीस वस्तू २०१५ मध्ये यादीतून निघाल्या. आमच्या आसपास अनेकांनी शॉप मोठं होऊ दिलं नाही, कारण वाढलं की सवलत जायची. भाऊ वेगळे झाले, शेड दुभंगली. बाहेरचा माल येत नव्हता आणि आपला बाहेर जावा असा कुणाचा आग्रह नव्हता. मग कालचा लेथ आज थोडा सुधारावा, असं कुणाला का वाटेल? जगदीश भगवती आणि पद्मा देसाई या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये हेच दाखवून दिलं होतं. आणि हे मान्य करायलाच हवं, की १९९१ मध्ये दारं उघडली नसती तर हे तैवानी मशीन शिरोलीत कधी उतरलंच नसतं. आबांच्या काळात चांगल्या यंत्रासाठी नंबर लावून बसावं लागायचं. देशी कारखान्यांना दिलेल्या संरक्षणाची किंमत कोण भरतं? आमच्यासारखा यंत्र वापरणारा भरतो.

तैवाननं काय वेगळं केलं, हे मी मशीन घेतल्यावर पुष्कळ वाचलं. ताइचुंगच्या परिसरात हे काम लहान लहान शॉपमध्ये वाटलेलं आहे. एक बेड ओततो, दुसरा स्पिंडल बनवतो, तिसरा फक्त टूल चेंजर, आणि कुणीतरी ते सगळं जोडून वर आपली पाटी लावतो. अगदी आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरसारखं. तिथेही सरकारनं बाजारावर सोडून दिलं नव्हतं. आयातीवर लगाम होता, १९६६ मध्ये काओशुंगला निर्यातीसाठी वेगळं क्षेत्र काढलं, १९७३ मध्ये सरकारी औद्योगिक संशोधन संस्था काढली आणि तिच्या यंत्रविभागानं लहान कारखानदारांना सीएनसीकडे (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांकडे) वळायला मदत केली. १९९३ मध्ये ताइचुंगलाच अचूक यंत्रांसाठी वेगळं केंद्र निघालं. पण देश लहान, घरचं गिऱ्हाईक थोडं. मशीन विकायचं तर अमेरिकेत, युरोपात विकावं लागायचं. तिथलं गिऱ्हाईक बोअर गेज घालून बघतं, त्याला देशप्रेमाची गोष्ट सांगून चालत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेनंच जपान आणि तैवानला सांगून त्यांची यंत्रं कमी पाठवायला लावली. मुक्त व्यापाराचा धडा देणाऱ्या देशानं स्वतःवर आल्यावर काय केलं, ते यात आलं.

अर्थशास्त्रज्ञ ॲलिस ॲम्सडेन यांनी १९८९ मध्ये कोरियाबद्दल लिहिताना नेमकं हे बोट ठेवलं. मदत सगळेच देतात. कोरियानं मदतीच्या बदल्यात निर्यातीचं लक्ष्य दिलं आणि ते गाठलं नाही की हात आखडला. माझ्यासाठी सगळ्या वादाचं सार इथे आहे. आडोसा द्यायचा की दारं उघडायची, यावर मी वर्गात भांडले. आता वाटतं, मदतीच्या बदल्यात काय मागितलं आणि ती कधी थांबवली, हे आधी विचारायला हवं.

हे मशीन घेताना मला एका योजनेतून भांडवली अनुदान मिळालं. कर्जाचा पहिला वर्षभराचा भार त्यानं हलका झाला, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पडताळणीला एक अधिकारी आले, भले गृहस्थ होते. त्यांनी मशीनच्या मागे जाऊन नेमप्लेटचा फोटो काढला, बिल पाहिलं, सही घेतली. दहा मिनिटांत काम झालं. मामांची ती वही तिथेच टेबलावर पडली होती. ती मी पुढे केली, तर म्हणाले, "याची गरज नाही मॅडम." त्यानंतर सात वर्षांत कुणी विचारलं नाही की भंगार किती कमी झालं, किती पोरं या मशीनवर शिकली, माल कुठवर जातो. मला कुणी विचारावं असं फार वाटतं. माझ्याकडे उत्तरं आहेत.

आपल्याकडे चांगलं उदाहरण नाही असं मात्र नाही. निर्यातदारांसाठी ईपीसीजी योजना आहे. आयात शुल्क न भरता यंत्र आणा, पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवा. यात देणं आहे आणि मागणंही आहे. आम्ही जॉबवर्क करणारे, माल दुसऱ्याच्या नावानं बाहेर जातो, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. तुमची थेट निर्यात असेल तर मशीन घेण्याआधी सीएला हे जरूर विचारा.

आता तक्रार. विकताना डीलरच्या माणसानं सांगितलं होतं, "पुण्यात सगळे पार्ट स्टॉकला असतात." २०२३ च्या फेब्रुवारीत स्पिंडलचा आवाज बदलला. मामांनी स्टेथोस्कोपसारखा स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकलं आणि म्हणाले, "बेअरिंग बोलाया लागलंय." डीलरला फोन केला. तीन दिवसांनी इंजिनिअर आला, त्यानं तेच सांगितलं. बेअरिंगचा सेट पुण्यात नव्हता, तैवानहून आला. मशीन तेवीस दिवस उभं होतं. एक लाख बहात्तर हजार खर्च, आणि त्या तेवीस दिवसांत एक जुनं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. बेअरिंग झिजतं, त्याला माझी हरकत नाही. चार-साडेचार वर्षं दोन पाळ्या चाललेल्या स्पिंडलचं बेअरिंग जाणारच. पण स्टॉकला आहे म्हणून सांगायचं आणि नसायचं, हे चुकीचं आहे. घेताना कुठले पार्ट पुण्यात ठेवणार याची यादी ऑर्डरमध्ये लिहून घ्या. मी घेतली नाही.

याच्या बरोबर उलटा अनुभव २०२१ च्या जुलैचा. महापूर. पंचगंगेचं पाणी महामार्गावर, मी कोल्हापुरात अडकलेली, मामा शिरोलीत. पाणी ओसरायला लागलं, लाइट आली आणि मशीन सुरू करताच टूल चेंजरचा आर्म अर्ध्यात अडकला. पुण्याहून इंजिनिअर यायला रस्ताच नव्हता. मामांनी नागावचा एक पोरगा बोलावला. आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स झालेला, पुण्याजवळच्या भोसरीत चार वर्षं मशीनच्या सर्व्हिसिंगला हाताखाली काम करून गावी परतलेला. मी व्हिडिओ कॉलवर बघत होते. त्यानं आधी काहीच उघडलं नाही. कंट्रोलरवर लॅडरचं (कुठला सिग्नल कुठे जातो त्या नकाशाचं) पान काढलं, कुठला सिग्नल येत नाही ते बघितलं, मग टूल चेंजरचं साइड कव्हर काढून टॉर्च मारला. आर्म जाग्यावर आला का ते ओळखणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या तोंडावर बिडाची काळी पूड चिकटून गोळा झाली होती. त्यानं जुना टूथब्रश घेऊन ती काढली, फडक्यानं पुसलं, आणि आर्म हातानं हळूच फिरवून जाग्यावर आणला. चाळीस मिनिटं. आठशे रुपये मागितले, मी दोन हजार पाठवले.

केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९६२ मध्ये मांडलं की माणूस करत करत शिकतो आणि ते शिकणं एका कारखान्यात कोंडून राहत नाही, आसपास पसरतं. त्या पोराला भोसरीनं शिकवलं आणि फायदा शिरोलीला झाला. भोसरीच्या त्या मालकाला याचं कुणी काही देणार नाही. म्हणूनच अशा शिकण्याला सरकारनं हात लावायला हवा असं मला ठामपणे वाटतं. एका मशीनवर जेवढं अनुदान मिळतं, तेवढ्यात असे तीन पोरगे दोन वर्षं पगारासकट शिकवता येतील.

कोल्हापूरचा इतिहासही हेच सांगतो. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मिल काढली, बाजारपेठ वसवली, पण इथे फौंड्री व्हाव्यात असा आराखडा कुणी केला नव्हता. उसाला पाणी हवं, पाण्याला पंप, पंपाला ऑइल इंजिन. इंजिन बिघडलं की दुरुस्ती, दुरुस्तीत पार्ट मिळेना म्हणून मिस्त्रींनी तो स्वतः ओतून बघितला, आणि त्यातून फौंड्री, मग मशीनिंग. एक उद्योग आपल्या मागचे-पुढचे उद्योग उभे करतो, असं अर्थशास्त्रज्ञ हिर्शमन यांनी १९५८ मध्ये मागचे-पुढचे दुवे म्हणून जे सांगितलं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ही साखळी इंजिनापाशी थांबली नाही. आता इथे एसपीएम (एका ठरावीक कामासाठीची खास मशीनं) बनवणारे आहेत. पण त्यांच्या मशीनवरचे कंट्रोलर बाहेरचेच. किलोमागच्या त्या पावणेपाचशे रुपयांतला मोठा वाटा तिथेच आहे.

तर, घ्यावं का? बीड किंवा स्टीलचे जॉब, दोन पाळ्या, ३० मायक्रॉनच्या आतलं काम असेल तर तैवानी साडेआठशे घ्या, पस्तावणार नाही. मशीनला मी पाचपैकी साडेचार देईन. डीलरच्या सेवेला दोन. नुसतं ड्रिलिंग-टॅपिंग असेल तर एवढे पैसे घालू नका, टॅपिंग सेंटर बघा. जपानी घ्यायचं तर काम आधी हातात हवं, मशीन आलं की काम येईल या भरवशावर नको. आणि देशी मशीनबद्दल २०१८ मध्ये मी जे 'नको' म्हटलं, ते आज म्हणणार नाही. परवा एका ओळखीच्यांच्या शॉपवर तीन वर्षं चाललेलं देशी व्हीएमसी बघितलं. त्यांच्या रिजेक्शनच्या रजिस्टरमधली शेवटची चार पानं मी स्वतः चाळली. आमच्या आकड्यांच्या अगदी जवळ आहेत. सर्व्हिस इंजिनिअर सांगलीत राहतो, दुसऱ्या दिवशी हजर होतो.

दुसरं मशीन घ्यायचं ठरतंय. दिवाळीनंतर बेंगळुरूला जाणार आहोत, कारखान्यात जाऊनच मशीन बघायचं. आमची सहा कास्टिंग, फिक्श्चर आणि बोअर गेज डिकीत टाकणार. सकाळी गार मशीनवर पहिला जॉब लावा, असं आधीच फोनवर कळवलंय. मामा बरोबर येतायत. वही त्यांनी नवी घेतली आहे.